चार बोटांचं अंतर

नवरा : ...आणि हे सगळं पायाखाली. बघ ना, सकाळी अख्खा भारा टाकलास, त्यातला तिसरा हिस्सा लेंड्यांत गेला. याला आमच्याकडे वेस्टेज म्हणायचे.

बायको : खाली पडलेलं शेळी खात नाही.

नवरा : का नाही खात? गवतच आहे ना ते?

बायको : तिला विचारा. मी वीस वर्षं विचारतेय.

नवरा : असंच चाललं तर नवं गवत यायच्या आत माळा रिकामा होईल. मग दोन शेळ्या विकायला काढाव्या लागतील, आत्ताच सांगून ठेवतो.

बायको : काढा की. कुठल्या दोन, तेवढं तुम्ही सांगा.

नवरा : ती... काळी.

बायको : काळ्या तीन आहेत.

नवरा : हे बघ, माझ्या हाताखाली चाळीस माणसं होती. पत्र्याचा एक तुकडा वाया जाऊ दिला नाही मी कारखान्यात. या सहा शेळ्या म्हणजे काय मोठं. त्यांना मी नीट गव्हाण करून देतो. रिटायर झालोय, हात नाही गेले माझे.

बायको : मग पट्ट्यांमध्ये अंतर थोडंच ठेवा, आणि खाली एक...

नवरा : तू नको गं सांगूस. हे मापाचं काम आहे.

बायको : बरं.

*

बायको : अहो, चहा ठेवलाय. आणि तुमच्या गव्हाणीत करडू झोपलंय.

नवरा : झोपलंय म्हणजे?

बायको : म्हणजे डोळे मिटून. दुसरं जागं आहे, पण ते चाऱ्यावरच कार्यक्रम उरकतंय.

नवरा : वर चढलं कसं? चांगली कमरेएवढी उंच केलीय मी.

बायको : चढायला काहीतरी हवंच होतं त्यांना. इतके दिवस कुणी करून दिलं नव्हतं.

नवरा : वर उतरतं झाकण टाकतो. बसूच देत नाही.

बायको : टाका. पण त्याआधी महाराणीला सोडवा.

नवरा : कोण महाराणी?

बायको : शिंगवाली. डोकं आत घातलंय तिनं, आता शिंगं बाहेर येत नाहीयेत. मघापासून अडकून उभी आहे. खाणं मात्र थांबवलेलं नाही.

नवरा : पट्ट्यांमध्ये वीतभर जागा ठेवली होती मी. मोकळेपणानं खावं म्हणून.

बायको : मोकळेपणानंच गेलं हो डोकं आत.

नवरा : एक पट्टी कापावी लागणार.

बायको : ही घ्या करवत. मी तिचं तोंड धरते.

नवरा : हसू नकोस.

बायको : मी कुठं हसतेय. शेळीचं तोंडच तसं असतं.

*

(दुपार. गोठ्यासमोर हत्यारांची पेटी उपडी केलेली. नवऱ्याच्या हातात चुरगळलेला कागद.)

नवरा : अगं, जरा इकडे ये. हे काय आहे?

बायको : कुठं सापडलं तुम्हाला?

नवरा : पेटीच्या तळाशी. जुने स्क्रू गुंडाळून ठेवले होते मी यात. कॅलेंडरचं पान आहे, बारा वर्षांपूर्वीचं. मागच्या बाजूला गव्हाण काढलीय. उभ्या पट्ट्या, मध्ये लिहिलंय 'चार बोटं'. वर उतरतं झाकण. खाली खोल पाटी, सांडलेलं झेलायला. अक्षर तुझं आहे.

बायको : माझंच.

नवरा : हे मला दिलं होतंस?

बायको : हातात दिलं होतं. तुम्ही म्हणालात, येत्या रविवारी बघू.

नवरा : मग?

बायको : मग रविवार आला. तसे बरेच आले.

नवरा : मला आठवतसुद्धा नाही.

बायको : डबल पाळ्या चालू होत्या तेव्हा तुमच्या. घरी यायचात ते आडवं व्हायला.

नवरा : आणि मी यात स्क्रू बांधले.

बायको : चांगले राहिले की. एकही गंजला नाही.

नवरा : अठरा दिवस झाले मला या कामाला लागून. दोन गव्हाणी मोडून झाल्या. तुला सगळं पाठ होतं तर बोलली का नाहीस?

बायको : पहिल्या दिवशी बोलायला गेले होते.

नवरा : वाक्य पुरं करायचं होतंस.

बायको : तुम्ही करू द्यायचं होतंत.

नवरा : ...खालची पाटी किती खोल धरू?

बायको : वीतभर. आणि गव्हाण भिंतीला चिकटवू नका. मागून झाडायला हात गेला पाहिजे.

नवरा : पट्ट्यांत चार बोटं. कुणाची? तुझी की माझी?

बायको : माझी. तुमच्या चार बोटांत करडाचं डोकं जाईल.

नवरा : ठेव इथं हात. नाही, असा सपाट. पेन्सिलीनं खूण करून घेतो.

*

डॉक्टर : झालं काकू, सगळ्यांना लस टोचली. ती शिंगवाली तेवढी नाटकी आहे.

बायको : तिला सवय आहे लोकांनी भोवती जमायची.

डॉक्टर : काका, ही गव्हाण कुठून आणलीत? खाली काडी दिसत नाही.

नवरा : घरीच केली. पाटीत मूठभर पडतं, ते संध्याकाळी परत वर टाकायचं.

डॉक्टर : आणि माळ्यावर एवढा चारा शिल्लक? बाकीचे गोठे आत्ताच तोंड वासून बसलेत.

बायको : नवं गवत येईपर्यंत पुरेल. कुणाला काढायची वेळ येणार नाही.

नवरा : काढायचं कोण म्हणालं होतं?

बायको : कुणी नाही.

डॉक्टर : कारखान्यातल्या माणसाचा हात लपत नाही बघा. मापं कशी एकसारखी आहेत. काकू, तुम्ही शेळ्या जिवापाड सांभाळता, पण असल्या गोष्टीला असं डोकं लागतं. रागावू नका हं.

बायको : छे हो. बोला तुम्ही.

नवरा : डॉक्टर, डोकं हिचं आहे. तिनं चित्र काढून दिलं होतं, मापांसकट. मी फक्त बारा वर्षं उशीर केला.

बायको : अकरा. पहिलं वर्षभर कागद माझ्याकडेच होता. तुम्हाला दाखवायचा धीर होत नव्हता.