खंडेनवमीचा नारळ

ऑफिसात मला उद्धट म्हणतात ना, ते कशामुळे, ऐका.

आमच्या चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायपरचे कंट्रोलर बनतात. त्यातल्या चिपचा प्रोग्रॅम फक्त एका जुन्या पीसीवर तयार व्हायचा. त्यात कुठली सेटिंग कशी केलीय, कुणालाच ठाऊक नव्हतं. आमचे मॅनेजर कदम सर म्हणायचे, "चालतंय ना? मग हात लावायचा नाही."

मी विचारलं, "आणि बंद पडला तर?"

"नवीन आहेस. शहाणपणा नको."

झालं, मीही हट्टाला पेटले. रोज जेवणाच्या सुट्टीत त्या पीसीसमोर डबा उघडायचा आणि एकेक सेटिंग उतरवून घ्यायची. महिन्याभरात तोच प्रोग्रॅम माझ्या लॅपटॉपवरही तयार होईल अशी सोय केली आणि सगळ्या पायऱ्या दोन कागदांवर लिहून ठेवल्या.

खंडेनवमीला सरांनी त्या चालू पीसीला हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि शेजारीच नारळ फोडला. पाणी जाळीतून थेट आत. फट् आवाज झाला आणि पीसी गेला. कस्टमरला नवा प्रोग्रॅम त्याच दिवशी हवा होता.

सर माझ्याकडे आले. "तुझ्या लॅपटॉपवर होतं म्हणे? टाक पटकन करून."

"मी नाही करणार. हे कागद घ्या, बसा, तुम्हीच करा."

सगळं ऑफिस बघत होतं. सर बसले. तासाभरात प्रोग्रॅम तयार झाला आणि टेबलावरचा चाचणीचा वायपर फिरला.

लगेच ओरडले, "आजपासून ह्या लॅपटॉपला कुणी हात लावायचा नाही!"

म्हटलं, "सगळ्यांनी लावायचा, सर. फक्त नारळ बाहेर फोडायचा."