चिअरफुल की लाइव्हली

काकी, दळवीकाकांचे मुलगे, सुना, चाळीतली मंडळी, आणि काकांनी ज्यांचे बायोडेटा लिहिले ते सगळे. हॉलमध्ये बसायला जागा उरलेली नाही, एवढे आलात. मी सुलभा, दुसऱ्या मजल्यावरची. मला भाषण येत नाही. पण बोलणार आहे, कारण मी रागावलेय. हो, गेलेल्या माणसावरच. मला काकांना एक गोष्ट सांगायची होती, ती राहिली. गेल्या आठवड्यात ते गेले आणि ती माझ्याकडेच राहिली. सांभाळून घ्या.

मगाशी एक जण इथे उभे राहून म्हणाले, काका फार जॉली होते. दादा, वाईट वाटून घेऊ नका, पण काका जॉली नव्हते. त्यांनी तुम्हाला तिथेच थांबवलं असतं. म्हणाले असते, जॉली म्हणजे कोण? दुसऱ्याकडे जेवायला बसला की उठायचं नाव घेत नाही तो. मी तसा आहे का?

असे होते काका. गिरणीच्या ऑफिसात टायपिंग केलं. गिरणी गेली, तेव्हा घरातच बसून लग्नाचे बायोडेटा लिहायला लागले. आधी मशीनवर, मग कॉम्प्युटरवर. लालबाग, परळ, करी रोड, सगळीकडून लोक यायचे. मराठी पान सोपं. हसतमुख, मनमिळाऊ, झालं काम. पण हल्ली टॉवरमधल्या स्थळांना इंग्रजी पान लागतं. आणि इंग्रजी पान आलं की काका अडलेच म्हणून समजा.

दुसरा कुणीही दहा मिनिटांत देतो. काकांना चार दिवस लागायचे. कशाला? एका शब्दाला. चिअरफुल लिहू, लाइव्हली लिहू, की जोव्हिअल? मग ती पॅकिंग टेप लावलेली डिक्शनरी निघायची. काकींनी ठेवलेले पोहे गार व्हायचे. तेवढ्यानेही भागायचं नाही. मुलीला बोलावून घ्यायचे, समोर बसवायचे आणि विचारायचे, सकाळी उठल्या उठल्या बोलतेस का गं? पाहुणे गेल्यावर तुझा चेहरा कसा असतो? अहो, हे काय विचारायचे प्रश्न आहेत? मुलीचे वडील दारात चुळबुळत उभे. काका, कुठलाही टाका ना, सगळ्यांचा अर्थ एकच. यावर काका चष्मा काढायचे. "एकच असता तर इंग्रजांनी एवढे शब्द कशाला केले असते?"

काय करणार अशा माणसाचं? डोकं धरून बसायचं. मुलांनाही सोडत नसत. माझ्या भाच्याला जोव्हिअल लिहून हवं होतं. काका म्हणाले, जोव्हिअल म्हणजे ढेरी हलवत हसणारा, आधी पोट सुटू दे, मग ये.

आता माझ्या केतकीचं सांगते. तिचे बाबा गेले आणि पोरगी गप्प झाली. कामावर जायची, यायची, जेवायची, झोपायची. दीड वर्षानंतर मी स्थळं बघायला लागले. काकांना म्हटलं, चिअरफुल लिहा. त्यांनी नेहमीप्रमाणे तिला बोलावून घेतलं. तासभर बसवलं. केतकी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते, त्याबद्दलच बोलत होती म्हणे. संध्याकाळी मला म्हणाले, "सुलभा, चिअरफुल नको. लाइव्हली लिहितो. कामाबद्दल बोलायला लागली की तिचे हात थांबत नाहीत. ते खरं आहे. हसणं सध्या खरं नाही."

मी भडकले. लाइव्हली म्हणजे उनाड वाटतं, म्हटलं. लोक काय समजतील?

"आणि चिअरफुल वाचून काय समजतील? हिला काहीही बोला, ही हसत राहील. मग पोरीने रडायचं कधी?"

मी म्हटलं, काका, तुम्हाला शब्दांचं पडलंय, मला पोरीचं. हे मी बोलले. याच तोंडाने.

मी दादरला गेले आणि दहा मिनिटांत बायोडेटा करून आणला. वर गणपती, खाली चिअरफुल. स्थळ आलं, लग्न झालं. तिच्या बाबांच्या श्राद्धाच्या दिवशी पोरगी सासरी जरा गप्प बसली, तर सासूने कपाटातून तो कागद काढला. यात तर चिअरफुल लिहिलंय, मग तोंड पाडून का बसलीस? एकदा नाही, कितीदा तरी. पुढे कागद काढायचीही गरज उरली नाही. घरात तिचं नावच ते पडलं. अगं चिअरफुल, चहा टाक. चौदा महिने तिने ते ऐकलं आणि मग सासर सोडून ती घरी आली.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, माझी नको मागूस आई, काकांना जाऊन सांग.

सांगायला जायचं तर एक मजला उतरायचा होता. मी काय केलं? जिना बदलला. काकांचं दार वाटेत लागू नये म्हणून मागच्या जिन्याने जायला लागले, गुडघे दुखत असताना. वाटायचं, भेटले की म्हणतील, सांगितलं होतं ना? उद्या सांगू, परवा सांगू, असं करत राहिले. महिन्यापूर्वी त्यांनी मला भाजीवाल्याकडे गाठलं. मी मनात म्हटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. आणि काका म्हणाले काय? "केतकी जेवते ना नीट?"

मी हो म्हटलं, पिशवी उचलली आणि निघाले.

काका, तुमचं बरोबर होतं. चार शब्द आहेत. तेवढे मला तेव्हा बोलता आले नाहीत, याचा मला संताप येतो. आणि तुमचाही येतो. लोकांच्या एकेका शब्दासाठी चार चार दिवस थांबणारा माणूस तुम्ही. माझ्यासाठी थोडं थांबला असतात तर काय बिघडलं असतं?

असो. केतकी इथेच बसली आहे, तिसऱ्या रांगेत. मगापासून रडतेय. दोघी-तिघींनी तिला सांगितलेलं मी ऐकलं, काकांना आवडणार नाही, हस बघू. तुम्ही मायेने म्हणता, मला कळतं. मीही दोन वर्षं तिला तेच म्हणत होते.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू या. जवळ जे असतील त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवा. पाणी द्या. पण तिला हस म्हणू नका. तिला रडू द्या.