टेबल अधिक टेबल

अरे ऐका ना, आज दाताच्या डॉक्टरकडे माझ्या शेजारी एक नवरा-बायको मांडीवर लॅपटॉप घेऊन भांडत होते! दोघंही प्रोग्रामर. एका प्रोग्रामिंगच्या भाषेत दोन टेबलं, म्हणजे माहितीचे तक्ते, जोडायला नवऱ्याने नवी खूण सुचवलेली, आणि चार वाजता ती भाषा सांभाळणाऱ्यांचं त्या खुणेवर मतदान!

"सरळ अधिकचं चिन्ह. टेबल अधिक टेबल. शेंबड्या पोरालाही कळेल."

"आणि दोन्हीकडे एकच नाव असलं तर?"

"उजवीकडचं राहतं, डावीकडचं पुसलं जातं. प्रस्तावात लिहिलंय की मी."

"कितव्या पानावर?"

"अकराव्या."

"वा! काल आपल्या दोघांच्या फोन नंबरांच्या याद्या याच खुणेनं जोडल्यास ना? दोन्हीकडे 'आई' होती."

"हो, माझी उजवीकडे होती."

"आणि माझी गायब! काल दुपारीच अनोळखी नंबरवरून मेसेज आला, 'जेवलीस का?' मी काय लिहिलं, माहितीये? 'आपण कोण?'"

"आईंना?"

"जन्मदात्या आईला! सकाळपासून सात फोन केले, उचलत नाहीये."

"अगं, पण आईचा नंबर पाठ नाही तुला?"

"तुला माझा आहे?"

"बरं बाई, बदलतो. एकच नाव दोनदा आलं की मशीन थांबेल आणि विचारेल, कोणतं ठेवू? पण लोक म्हणतील, काय कटकट आहे!"

"म्हणू देत."

"दहाच मिनिटं उरलीत. बदलाचं कारण काय लिहू?"

"लिही, सासूबाई रुसल्यात."