एमेटची रिकामी जागा

समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या ‘प्रेअरी हेरॉन्स’ ड्रम कोअरचे संचालक श्री. गॅरेट प्रुझिन्स्की, प्रमुख पाहुण्या नगराध्यक्षा श्रीमती मर्ना टॉलिफसन, हायस्कूलच्या बँडचे शिक्षक श्री. हॉलिस अमुंड्रुड, आजच्या सत्कारमूर्ती लोर्ना वँडेकॅम्प, आणि उन्हात भाजून निघालेल्या माझ्या आजी-माजी सहकाऱ्यांनो,

मी पूल तपासते, भाषणं करत नाही. मला बोलावलं ते बहुधा मी लवकर आवरते म्हणून.

मघाशी जेवताना नगराध्यक्षांनी विचारलं, “ड्रम कोअर म्हणजे बँडच ना?” हॉलिस सर म्हणाले, “हो हो, क्लॅरिनेट हरवलेला बँड.”

बाई, बँड शाळेचा असतो. तो फुटबॉलच्या मध्यंतरात वाजतो, तेव्हा अर्धे प्रेक्षक हॉट डॉगच्या रांगेत असतात. त्यात क्लॅरिनेट, बासरी, सॅक्सोफोन, सगळ्यांची सोय होते. आमच्याकडे पितळी वाद्यं, ढोल आणि झेंडेवाले, बस. फुटबॉल नाहीच. लोक आम्हालाच बघायला येतात आणि हॉट डॉग आधी खाऊन घेतात. उन्हाळाभर गावोगाव फिरायचं, व्यायामशाळेच्या फरशीवर झोपायचं, एकच कार्यक्रम रोज घासायचा. आणि एकविशी उलटली की बाहेर, मग कितीही छान वाजवत असा.

मी कोअरमध्ये वाजवायचे तेव्हाची गोष्ट. एमेट ओस्बी एकवीस वर्षांचा, त्याचं ते शेवटचं वर्ष होतं. तो आणि मी ट्यूबाच्या, म्हणजे सगळ्यात मोठ्या पितळी वाद्याच्या, रांगेत शेजारी. अंतिम स्पर्धेच्या आठवड्यात त्याचा घोटा मुरगळला. मैदानावर नव्हे, बसमधून उतरताना! डॉक्टर म्हणाले, स्पर्धेपर्यंत बरा होईलही, नाहीही.

आम्हाला मैदानावर चालायला शिकवायची लोर्ना. गॅरेट तिच्याकडे आले.

“लोर्ना, रांगेत दात पडल्यासारखं दिसतंय. शेजारच्यांना सरकव.”

“दात पडला म्हणून बाकीचे कुणी सरकवतं का? आणि एमेट आला तर उभा कुठे राहील?”

“आला तर ना! तिसरा नंबर हातात आलाय आपल्या. परीक्षक गुण कापतील.”

“कापू देत.”

अध्यक्ष महाराज, यापुढे तुम्ही जे बोललात ते समोर मुलं बसली आहेत म्हणून गाळते.

पण जागा मोकळी ठेवणं बोलण्याइतकं सोपं नसतं. माणूस नकळत शेजाऱ्याच्या खांद्याकडे झुकतो. म्हणून सरावात लोर्ना स्वतः भलामोठा ट्यूबा खांद्यावर घेऊन एमेटच्या जागी चालायला लागली. एमेट कडेला, पायाला बर्फ बांधून खुर्चीत.

“लोर्ना, डावा पाय! मी असा चाललो असतो तर मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्यास!”

“गप रे! तुझ्या जागेलाच उतार आहे.”

स्पर्धेच्या सकाळी डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. लोर्नाला तर मैदानात उतरताच येत नव्हतं. वयाचा नियम तिलाही लागू. आम्ही ती जागा मोकळी ठेवूनच गेलो. वळणावर माझं अंग तिकडे ओढलं जात होतं. मी आपल्या जागेवर राहिले, पलीकडचा मुलगाही राहिला.

नंबर चौथा आला. परतीच्या बसमध्ये गॅरेट गुणपत्रिका पुन्हा पुन्हा बघत होते. लोर्ना खिडकीबाहेर मका बघत होती. एमेट मागच्या सीटवर पाय पसरून बसला होता. पुन्हा कधी आमच्याबरोबर मैदानात उतरता येणार नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

परीक्षक कार्यक्रम बघता बघता बोलतात आणि ते ध्वनिमुद्रण नंतर आम्हाला मिळतं, हे इथे बहुतेकांना ठाऊक आहे. गॅरेटनी ते बसमध्ये लावलं. मध्येच परीक्षकांचा आवाज बदलला.

“ट्यूबांमध्ये एक जण कमी आहे. इथे गुण जाणार... थांबा. कुणीच आत सरकलेलं नाही. रांग वळतेय... ती जागासुद्धा वळली! अरे, कोण चालतंय तिथे?”

मागच्या सीटवरून एमेट ओरडला, “मी!”

गॅरेटनी तो तुकडा पुन्हा लावला. मग पुन्हा. लोर्ना म्हणाली, “आता बास, ड्रायव्हरला झोप येईल,” आणि डोळे पुसायला रुमाल मागितला. तो गॅरेटनीच दिला.

लोर्ना, तुझे आभार. ही संधी दिल्याबद्दल आयोजकांचे आणि शांतपणे ऐकलंत म्हणून तुम्हा सर्वांचेही. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाला टोचलं असेल, विशेषतः अध्यक्षांना, तर मोठ्या मनाने क्षमा करावी. चौथ्या नंबराबद्दल मात्र मी क्षमा मागणार नाही.