सात नंबरचे अठरा पॉइंट

उर्वशी : मॅडम, एक विचारू? रागावू नका. तुम्ही आमची मॅच खरंच पाहिली का?

मॅडम : हा काय प्रश्न झाला? न पाहताच मी या उन्हात चंद्रपूरहून माजरीला आले का?

उर्वशी : प्रश्न माझा नाही. म्हणजे, विचारते मी आहे, पण विचारायला लावलं मैत्रिणींनी. पैज आहे. तुम्हाला तोंडावर विचारलं तर एक प्लेट गुपचूप, म्हणजे पाणीपुरी, मला. नाही विचारलं तर मी तिघींना खाऊ घालायचं.

मॅडम : विचारलंस, जिंकलीस. आता एक तांब्या पाणी दे. आईबाबा कधी येतात?

उर्वशी : बाबांची शिफ्ट सुटली असेल, पण खाणीची बस सगळी वस्ती फिरून येते. आई अंगणवाडीत मदतनीस आहे, ती पण येईलच. घ्या, माठातलं आहे. पण मॅडम, उत्तर नाही दिलं तुम्ही.

मॅडम : पाहिली ग बाई. गेल्या सप्टेंबरात, भद्रावतीला, तालुक्याची बास्केटबॉल स्पर्धा. ही बघ वही. सात नंबर, उर्वशी वाळके, अठरा पॉइंट. म्हणून तर तुला आमच्या कॉलेजच्या टीममध्ये घ्यायला आले. अकरावी-बारावी, दोन वर्षं हॉस्टेल, जेवण, बूट, सगळं कॉलेजचं. फोनवर सांगितलं होतं ना बाबांना?

उर्वशी : ते पाठ आहे मला. मी अख्ख्या कॉलनीला सांगून आले. मी विचारते, मॅच डोळ्यांनी पाहिली का? वहीत नाही, डोळ्यांनी.

मॅडम : तू घरी बोलतेस तशीच बोल. मी इथलीच, मूल गावची आहे. तुझं असं पुस्तकासारखं बोलणं ऐकून मलाच दम लागतो.

उर्वशी : बरं झालं बाप्पा. मले तर घामच आला होता. तं मंग सांगा, दुसऱ्या हाफात मी कोणत्या बाजूनं बास्केट टाकून राह्यली होती?

मॅडम : डावीकडून.

उर्वशी : दुसऱ्या हाफात मी पाण्याच्या टाकीमांगं बसून होती.

मॅडम : म्हणजे?

उर्वशी : आमच्या शाळेत जर्स्या सहा अन् पोरी आठ. एक पोरगी बाहेर आली का तिनं टाकीमांगं जायाचं, जर्सी काढायची, दुसरीनं घालायची. सर म्हणे तालुक्यात कोणी एवढं पाहात नाई. पहिल्या हाफात सात नंबर माह्या अंगावर होता. मंग पोटरीत गोळा आला. मंग तोच सात नंबर हर्षानं घातला. घामानं चिंब होता, ती नाक धरून घालत होती.

मॅडम : हर्षा कोण?

उर्वशी : माही मैत्रीण. मांगच्या लाइनीत राह्यते. माह्या खांद्याएवढी हाय.

मॅडम : अठरातले तुझे किती?

उर्वशी : चार. त्यातला एक रिंगवर नाचून नाचून पडला. तो आत गेला, हे आमच्या टीमची दिव्यानी अजून मानत नाई.

मॅडम : आणि चौदा तिचे. एका हाफात.

उर्वशी : हो. मॅडम, तुमी तवा होत्या कुठी? खुर्चीवर तं दिसत होत्या.

मॅडम : खुर्चीवरच होते. झोपले होते.

उर्वशी : मॅचमंदी?

मॅडम : आदल्या दिवशी सिरोंच्याला दोन मुली बघायला गेले होते. एकीच्या घराला कुलूप, दुसरीचं लग्न जमलेलं. तिच्या आईनं मला जेवू घातलं आणि मुलीचा फोटो दाखवला, नवऱ्या मुलासोबतचा. तिथून निघाले ती दोन बस बदलून थेट भद्रावतीच्या मैदानावर उतरले. पहिला हाफ पाहिला. तुझी उंची पाहिली, नंबरावर खूण केली. खुर्ची सावलीत होती ग. डोळा कधी लागला कळलं नाही. टाळ्यांनी जाग आली. मग टेबलावरच्या कागदावरून पॉइंट उतरवून घेतले.

उर्वशी : तरी हर्षा म्हणे, मॅडमनं चष्मा काढून हातात धरला होता.

मॅडम : तिला दिसलं ते?

उर्वशी : तिले खेळता खेळता सगळं दिसते. रेफरीच्या बुटाची नाडी सुटली होती, थे बी तिनंच सांगितलं त्याले.

मॅडम : हा प्रश्न काढला कोणी मग? पैजेचा.

उर्वशी : हर्षानं. दिव्यानी म्हणत होती का मॅडमचं वय विचार. हर्षा म्हणे, नाई, हे विचार. हसत होती… मॅडम, मले आता लक्षात येऊन राह्यलं.

मॅडम : काय?

उर्वशी : काई नाई. तुमी पाणी प्या.

मॅडम : हे तू मला सांगायला नको होतंस. पैज प्रश्नाची होती, टाकीमागचं सांगायची नव्हती.

उर्वशी : तुमी डावीकडून म्हणाल्या ना. मले हासू आलं, मंग तोंडातून निघूनच गेलं.

मॅडम : ऐक. बारा मुली पाहिजेत. अकरा झाल्या. शेवटची जागा एक. कॉलेजची कमिटी दोन रकाने बघते, उंची आणि पॉइंट. तू पाच फूट नऊ. कागदावर अठरा पॉइंट तुझ्या नावावर. तुला कोणी काही विचारणार नाही. राहिलेलं मी शिकवते, ते माझं काम आहे.

उर्वशी : अन् हर्षा?

मॅडम : पाच फूट तरी आहे का ती?

उर्वशी : बूट घातले तं.

मॅडम : तिच्यासाठी मला भांडावं लागेल. तुमच्या सरांकडून चिठ्ठी आणायची, की हे पॉइंट हिचे. सर म्हणतील, जर्सीचं कशाला उकरता. मग कमिटीपुढं उभं राहायचं, टीमला उंची पाहिजे तिथं बुटकी पोरगी कशाला आणली हे ऐकून घ्यायचं. मी त्या कॉलेजात तासांवर आहे, कायमची नाही. पंधरा तारखेपर्यंत टीम नाही झाली तर दुसरी मॅडम येईल. दहा दिवसांत तेवीस घरं झाली माझी. प्रत्येक घरी तेच बोलते. परवा चिमूरला एका घरी अर्धं बोलून झालं आणि पुढचं आठवेचना. त्या मुलीच्या आजोबांनी पूर्ण केलं. त्यांच्याकडं आधी दोन कॉलेजवाले येऊन गेले होते.

उर्वशी : मंग तुमीच ठरवा ना, कोण पाह्यजे ते. मी काई म्हणत नाई.

मॅडम : हा फॉर्म बघ. सही माझी झाली आहे. नावाची जागा कोरी. मी वरोऱ्याला मुक्काम करणार, उद्या सकाळी सातला फाट्यावर येईन. ज्या मुलीचा टीसी आणि मार्कशीट माझ्या हातात पडेल, तिचं नाव लिहीन. हर्षाचं आलं तर भांडेन. तुझं आलं तर यातलं काही ऐकलंच नाही असं समजेन.

उर्वशी : हे तं तुमचं काम हाय ना, मॅडम? माहं हाय का?

मॅडम : माझंच आहे. आज होत नाही माझ्याच्यानं. येते मी. आईबाबांना नमस्कार सांग.

(मॅडम गेल्यावर अर्ध्या तासाने. आई मीराबाई चहा टाकून बसली आहे, वडील देवराव पाय धुऊन आत आले आहेत. उर्वशीचे दोघांना सगळे सांगून झाले आहे.)

मीराबाई : तुले कोणी विचारलं होतं का थे टाकीमांगचं?

उर्वशी : नाई.

मीराबाई : मंग तोंड आवरता येत नाई? शाळेत बोलली नाई तं घरी बोलते, घरी बोलली नाई तं झोपीत बोलते. मी बल्लारपूरच्या मावशीले फोन करून बसली. अंगणवाडीच्या बाईले सांगून बसली. आता काय सांगू, माह्या पोरीले खाज सुटली खरं बोलाची?

देवराव : हळू बोल, मीरा. भिंती पातळ हायेत. डोकं गरगरून राह्यलं माहं. आज डम्परच्या केबिनमंदी पंखा बंद होता.

मीराबाई : तुमी बोला मंग तिच्यासंग.

देवराव : बोलतो. उर्वशी, इथी बस. तुले जायचं हाय का नाई, एवढं सांग पहिले.

उर्वशी : जायचं हाय बाबा. भल्ली इच्छा हाय. मी तं तिथी कोणत्या खाटेवर झोपन थे बी ठरवलं. खिडकीजवळच्या.

देवराव : मंग मॅडमनं रस्ता मोकळा ठेवला तुह्यासाठी. कागद तुह्या नावाचा हाय. मी बावीस साल खाणीत हावो, ठेकेदाराकडं. तिथी कोणी विचारत नाई देवरावनं किती फेऱ्या मारल्या. कागदावर दुसऱ्याच्या दोन जास्त लिहिल्या तं त्याच्याच धरते. बोंबललं तं उद्या येऊ नको म्हणते. दोन साल हॉस्टेल, खेळाचं सर्टिफिकेट, मंग वनरक्षकाच्या भरतीत खेळाडूची जागा. आपल्या घरी असं दुसऱ्यांदा कोण येणार हाय?

मीराबाई : अन् तुही उंची खोटी हाय का? थे तं कोणाच्या अंगावरून काढून नाई घातली ना?

उर्वशी : उंची माहीच हाय.

मीराबाई : मंग झालं. हर्षा काई म्हणाली का तुले? मागाले आली का?

उर्वशी : नाई आली. तेच तं. मांगं आयटीआयले जातो म्हणाली, शिवणाचा कोर्स करतो म्हणाली. तिचं काई अडून नाई राह्यलं. मॅडम झोपल्या होत्या हे मालूम असून तिनं फक्त एक प्रश्न विचाराले लावला, अन् नळावर जाऊन पाणी भरून राह्यली. मी आताच पाह्यलं खिडकीतून. पाण्याचे दोन गुंड भरले, तिसरा नळाखाली लावला. इकडं पाह्यलं बी नाई.

देवराव : मंग तिले समजन. मैत्रीण हाय.

उर्वशी : तिले समजन बाबा. माह्या अंगणात येऊन अभिनंदन बी करन, पेढा बी खाईन. मले काय समजन? पहिल्या दिवशी मॅडम म्हणतीन, चल, सात नंबर, टाक. अकरा पोरी उभ्या राह्यतीन पाहाले. अन् माहा बॉल रिंगलेच लागनार नाई.

मीराबाई : शिकशीन. मॅडम म्हणाल्या ना शिकवतो.

उर्वशी : शिकन. मी शिकनच, आई. पण ज्या पॉइंटांवर मॅडमनं मले पसंत केलं, थे झाले तवा थ्या झोपून होत्या.

देवराव : थकली असन बाई.

उर्वशी : थकल्या होत्या, मले मालूम हाय. इथी बसल्या तवा तांब्या दोन हातानं धरला होता. मले त्याहिचा राग नाई. पण बाबा, मले जागी असलेल्या माणसानं पसंत केलं पाह्यजे. माहे चार तं चार, पण पाहून.

मीराबाई : अन् असं कोणी आलंच नाई तं?

उर्वशी : येईन.

मीराबाई : मी विचारतो, नाई आलं तं?

उर्वशी : मंग मी जाईन त्याहिच्याकडं. पाच फूट नऊ हावो, दुरूनच दिसन.

देवराव : हासू नको, उर्वशी. ह्या गोष्टी वापस नाई येत. मी आज हो म्हणतो, अन् साल दोन साल गेल्यावर तू मलेच म्हणशीन, बाबा, तुमी काऊन नाई अडवलं.

उर्वशी : म्हणन बी कदाचित. तवा तुमी आठवण द्या, का मीच आयकलं नाई म्हणून.

देवराव : मॅडम भांडन का पण तिच्यासाठी? म्हणाले तं सगळेच म्हणते.

उर्वशी : मालूम नाई. एवढी दमली हाय बाई, भांडाले ताकद उरली का नाई, कोणाले मालूम. पण हर्षा तिच्या समोर एक डाव खेळली ना, तं तिले झोप येनार नाई. मी मॅडमले म्हणतो, कॉलनीच्या ग्राउंडवर पाच मिनिटं चाला, मंग जा.

मीराबाई : म्हणजे तुहं ठरलं. आमी इथी कायले बसलो मंग?

उर्वशी : आई, बाबा, आयका. मी नाई जाऊन राह्यली. सकाळी हर्षाले घेऊन फाट्यावर जातो, तिचा टीसी तिच्याच हातानं द्याले लावतो. मी अकरावी भद्रावतीले करतो, अन् संध्याकाळी ग्राउंडवर एकटी बॉल टाकतो. अन् बाबा, तुमी माह्यासाठी ती नवी चेनवाली बॅग आणली ना, ती तिले देतो. दिवाळीपर्यंतच. तिच्या घरी एवढी मोठी बॅग नाई.