शेरा: निरंक

सतरा. नाही हो ताई, सोळा नाही, सतरा जण गेलेत आत — तुम्ही टोकनं मोजताय, मी माणसं मोजतोय, तिथे फरक पडतो. तो काठीवाला म्हातारा गेला ना सात नंबरचा, त्याच्या मागोमाग त्याची सून सटकली आत, फाइल छातीशी धरून — ती धरलीच नाहीत तुम्ही. सतरा गेले, पंधरा बाहेर आले, म्हणजे आत दोघं — एक साहेबांसमोर, एक दाराआडच्या खुर्चीवर. तुमचं कितवं? वीस? माझं अठरा. येईल, येईल, आज शेवटचा दिवस आहे म्हटल्यावर पाचच्या आत सगळ्यांचं ऐकावंच लागतं त्यांना. जरा सरकता का तिकडे? हा बाक माझ्या बाजूला कलतोय. नाही, बरं वाटतंय मला — पाय हलतोय तो सवयीने हलतो, त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

तुमची हरकत कसली? रस्त्याची? — म्हणजे काय, सगळे रस्त्यासाठीच आलेत. नकाशा बघितलात ना जिन्यातला? नीट बघितलात का, का नुसतं रंगीत बघून पुढे आलात? बघा, सोपं आहे. आत्ताचा रस्ता अरुंद, वाकडातिकडा, अलीकडे वस्ती, पलीकडे शाळा. तो करायचाय रुंद आणि सरळ. लाल रेघ आहे ती वस्तीच्या मागून जाते — म्हणजे जुना रस्ता पोरांना राहतो, आणि मोठा रस्ता मागच्या नऊ घरांवरून. निळी रेघ आहे ती शाळेच्या फाटकासमोरून. घर एकही पडत नाही. पण मध्ये दुभाजक, आणि वळसा घालायचा तर पार पेट्रोल पंपापर्यंत जायचं. पलीकडे शाळेला नवी इमारत, मोठं मैदान, पाचशे पोरांची सोय — आणि पोरं सगळी अलीकडे. आहे ना गंमत? मंजुरीला निळी ठेवलीय. का ठेवलीय? कारण आमच्या कार्यालयाचा नियम — आमच्या म्हणजे, यांच्या — शंभरच्या वर मुलं रस्ता ओलांडत असतील तर शाळेच्या दारातून मोठा रस्ता न्यायचा नाही. आणि इथे ओलांडणारे किती सापडले? हो, तेच, तुम्ही अधोरेखित केलंयत ते. शून्य.

गाढव म्हणू नका हं. नाही, तुमचा राग बरोबर आहे, तुमची दोन पोरं त्या शाळेत, राग येणारच — पण मोजणाऱ्याला गाढव म्हणण्याआधी मोजणी म्हणजे काय ते माहीत पाहिजे माणसाला. मी सांगतो ना. मला कसं ठाऊक? अहो, तीस वर्षं तेच केलं मी! रस्त्याच्या कडेला स्टूल टाकायचं, मांडीवर फळी, फळीवर तक्ता, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. दुचाकी, चारचाकी, ट्रक, सायकल, पादचारी — एकेकाचा रकाना. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. लोकांना वाटतं बसून काय करायचंय, बसायचंच तर आहे! बसून दाखवा म्हणावं एक दिवस. एक जांभई आली की दोन स्कूटर निसटल्या. मी जेवताना सुद्धा डाव्या हाताने खायचो, उजवा पेन्सिलीला. रिटायर झालो तेव्हा साहेब म्हणाले, तुमच्या आकड्याला आम्ही दुसऱ्यांदा बघितलं नाही कधी. तेवढं एकच वाक्य बोलले, पण बोलले. म्हणून तर नंतरही बोलावतात, माणूस कमी पडला की — या वेळी तसंच बोलावलं होतं.

हां. म्हणजे... हो. या रस्त्याची मोजणी मीच केली. बोललो तर बोललो, आता काय. अशा बघू नका हो, खोटं नाही लिहिलेलं मी! रेघ कमी नाही, रेघ जास्त नाही. तीन दिवस बसलो, तीन दिवसांत एकही शाळेतलं पोर त्या फाटकासमोरून ओलांडून गेलं नाही, म्हणून शून्य. नव्हतीच पोरं तर कुठून आणू? चिठ्ठी आली होती, या महिन्यात सोयीने तीन दिवस धरा, सलग. सोयीने! मी धरले. आता शाळेला त्या दिवसांत सुट्टी होती हे मला कसं ठाऊक असणार? मी काय शाळेत जातो का या वयात? मोजणाऱ्याने समोरचं मोजायचं, वेळापत्रकं धुंडाळायची नाहीत. आणि ऊन काय होतं म्हणून सांगू — छत्री धरायला माणूस नाही, नात होती म्हणून निभावलं. आठ वर्षांची आहे, पण बसायची हो दिवसभर शेजारी, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हाताने माझ्या तक्त्यावर हे काय आणि ते काय. आजोबा, टेम्पो कशात धरायचा? आजोबा, हा सायकलवाला की चालणारा माणूस — अहो एक जण सायकल हातात धरून चालत होता, तर तिने मला अडकवलं. सायकलवर बसला नाही तर तो पादचारी, हे आमच्यातल्या नव्या पोरांना...

काय?

काय म्हणालात? — आठवड्याच्या मधल्या वारी, भर शाळेच्या वेळेत नात माझ्याशेजारी कशी?

सतरा नंबर! बघा, गेला सतरा. तो निळ्या शर्टवाला. आता आत... आत किती झाले? थांबा हं. चुकलो. मोजतो परत. नको, जाऊ दे.

त्याच शाळेत आहे ती. तिसरीत. माहीत होतं मला, ताई. झालं समाधान? तिच्या सुट्टीचं पत्रक आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं होतं, चिठ्ठी आली तेव्हा मी त्याच्यासमोर उभा राहून तारखा धरल्या. सोमवारी शाळा बंद होणार होती, मंगळवार धरला. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, मुलाला नाही, सुनेला नाही, आणि तुम्हाला का सांगतोय देव जाणे, तुमचं माझं ना नातं ना ओळख. आणि तारखेचं एक वेळ सोडा. तक्त्याला शेवटचा रकाना असतो, शेरा. त्या दिवशी काही वेगळं असेल तर तिथे लिहायचं — पाऊस, संप, बाजार बंद, शाळेला सुट्टी. कशासाठी? तर आकडा वाचणाऱ्याला कळावं की हा नेहमीचा दिवस नव्हे. मोजणाऱ्याचं इमान काय ते त्या रकान्यात असतं, रेघा काय कोणीही मारेल. नातीने विचारलं, आजोबा, इथे काय? मी म्हटलं, आज काही विशेष असेल तर लिहायचं. तर तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि लिहिलं, 'आज शाळेला सुट्टी आहे'. ठसठशीत. तिच्या दृष्टीने तेच विशेष होतं ना! मी हसलो. शाबास म्हटलं तिला. आणि घरी जाऊन पक्का तक्ता उतरवायला बसलो तेव्हा त्या रकान्यात लिहिलं, निरंक. तिन्ही दिवस. निरंक, निरंक, निरंक.

घर हो, घर! लाल रेघ मागच्या नऊ घरांवरून जाते म्हटलं ना, त्यातलं चौथं माझं. आता म्हणाल, मोबदला मिळतो, दुसरं घर मिळतं. मिळतं की. बाकीचे आठ जण घेतीलही, त्यांचं मी सांगत नाही. पण आमच्या हिला दिसत नाही. सहा वर्षं झाली, हळूहळू करत पूर्ण गेले डोळे. आणि त्या घरात, ताई, तुम्ही आलात ना, तर तुम्हाला कळणार नाही तिला दिसत नाही म्हणून. पलंग ते खिडकी पाच पावलं. खिडकी ते स्वयंपाकघर नऊ, उंबऱ्याला पाय उचलायचा. शेगडीपासून मागचं दार अकरा. चहा करते, कपडे वाळत घालते, मला ओरडते की खुर्ची कोणी सरकवली. अख्ख्या जगात तेवढी एकच जागा आहे जिथे तिला कोणाचा हात धरावा लागत नाही. नव्या घरात साठीनंतर नव्याने पावलं पाठ करायची? ती नाही करायची हो. ती पलंगावर बसून राहील, मला माहीत आहे ना तिचा स्वभाव, मागणार नाही, बोलणार नाही, बसून राहील. मी त्या नकाशासमोर उभा होतो ना ताई, तेव्हा मला पोरंबिरं काही दिसली नाहीत. ती बसलेली दिसली.

पाणी नको. नको म्हणतो ना. — द्या बरं.

मग आलात कशाला, असंच ना? तेच सांगतोय. नोटीस आली परवा घरोघर. नातीनेच वाचून दाखवली आजीला, मी पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो. ओलांडणारी मुलं, शून्य. ही म्हणाली, परत वाच. परत वाचलं. तर ही म्हणते, शून्य कशी? रोज दहा चाळीसला आपल्या गल्लीतून जातात, मी खिडकीत बसून ऐकते, दीडशेला कमी नसतात, एकाची पाण्याची बाटली दप्तरावर वाजते, एक मुलगी एक पाय घासत चालते. मग म्हणाली, मोजणी तुम्हीच केली होती ना? दिसत नाही मला, आणि शून्य लिहिता तुम्ही? बस, एवढंच. परवापासून माझा चहा करते, ताट वाढते, खुर्ची सरकली तरी ओरडत नाही. आज निघताना मी म्हटलं औषधं आणायला जातोय. तर म्हणाली, पिशवीत कागद वाजतोय.

हा तो कागद. कच्चा तक्ता. जाळायला काढला होता दोनदा. हे बघा तिचं अक्षर, 'आज शाळेला सुट्टी आहे'. मी तुमच्याजवळ देणार होतो, खरं सांगतो — म्हणून तर तुमच्या शेजारी येऊन बसलो, तुमच्या अर्जावर शाळेचं नाव वाचलं तेव्हाच. म्हटलं ही बाई जोडेल तिच्या हरकतीला, कोणी दिला विचारलं तर म्हणेल जिन्यात सापडला. टोकन नुसतं बाकावर बसायला मिळावं म्हणून घेतलेलं; माझं नाव नको, घरी कळायला नको, काम भागलं. एवढा शूर माणूस! — आणि हे इथे बघा, ओलांडणाऱ्या मुलांच्या रकान्यात. वाकून बघा, पुसट आहे. दिसली? खोडलेली एक रेघ. नात पाणी प्यायला पलीकडे शाळेच्या नळावर गेली, पळत गेली, पळत आली, आणि तिने स्वतःच एक रेघ मारली. म्हणाली, मी गेले ना, मला मोजा. मी म्हटलं आपल्या माणसाला धरायचं नसतं, आणि खोडली. ती हिरमुसली. परत म्हणाली, पण आजोबा, मी खरंच गेले होते. तसा काही नियमबियम नाही हो आमच्यात. एक लिहिलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, हे एक पोर कुठलं.

अठरा! अठरा आहे का कोणी? — आहे, आहे, आलोय! ओरडताय कशाला, कान शाबूत आहेत माझे.

द्या तो कागद इकडे. नाही ताई, राहू दे, तुमच्या अर्जाला नका जोडू, मोजणी माझी होती. पेन आहे का? पेन्सिल नको, पेनच द्या. फळी नाही, तुमची फाइल धरा जरा खाली, अशी. ही अशी मारली होती तिने, थोडी तिरकी. — झालं. घ्या तुमचं पेन. नाही, हात धरायला नको, जातो मी. तुम्ही बसा, तुमच्याआधी अजून एक आहे.