सुकलेलं सोनं

या झांजांची शपथ! आता सांगते त्यातलं अक्षर न् अक्षर खरं! खोटं निघालं तर माझे दात पडतील! ...हसताय काय? उरलेत की अजून दोन!

मंडळी, मला सांगा — वस्तू हरवली की आधी कुठं शोधावी? दुसऱ्याच्या पिशवीत, का आपल्या हातात? ऐका तर!

एका संग्रहालयात सोन्याचं प्रदर्शन भरलं. नदीच्या वाळूतलं सोनं, राण्यांचे दागिने, अंतराळवीराच्या टोपाच्या काचेवर चढवतात ते सोनं! मधोमध नारळाएवढा गोळा — खाणीतून निघाला तस्सा! आणि एका पेटीत आपट्याचं पान. अस्सल सोन्याचं, वर हिरवा मीना. असलं हुबेहूब, की आपट्याचं झाडसुद्धा फसावं!

त्या पेटीवर राखण सगुणाची. दसरा उजाडला. सुतार करवत पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो. सगुणा काय पुजणार? जे राखते ते! उघडली पेटी. डाव्या हातानं सोन्याचं पान उचललं, खाली हळदकुंकू वाहिलं. उजव्या हातात झाडाचं पान, वाहायला घेतलेलं. तेवढ्यात मागून प्रदर्शन बघायला आलेले केरूतात्या — वाकलेले, काखेत पिशवी, जाड भिंगाचा चष्मा.

"पोरी, सोनं घे!"

थोरा माणसाला ताटकळत कसं ठेवायचं? त्यांचं पान पदरात, हातातलं एक पान तात्यांच्या हातावर, एक पेटीत. नमस्कार. कुलूप. झालं!

दुपारी बघते तर — दिव्याच्या धगीनं पेटीतलं पान मलूल! कडा वळलेल्या!

"अगं बाई! सोनं सुकलं?"

सोनं कधी सुकतं होय? म्हणजे कुणीतरी बदललं! आता संग्रहालयाचे मोहोळकर साहेब पाहुणे घेऊन येणार. नोकरी जाईल. चोर म्हणतील! लेकीचं लग्न ठरलंय — सासरची माणसं काय म्हणतील? पदरानं घाम पुसते, पुन्हा बघते. पान आणखी मुडपलेलं!

"पोरी, जरा ऐक —" केरूतात्या!

"नंतर, तात्या!"

"अगं, हे पान —"

"म्हटलं ना नंतर!"

दारात बूट वाजले. साहेबांनी पेटी पाहिली, चेहरा पांढरा. "कोण आलं होतं इथं?"

आणि सगुणानं बोट दाखवलं! कुणाकडं?

"हे तात्या! सकाळपासून घुटमळतायत! पिशवी बघा त्यांची!"

तात्यांनी पिशवी उलटी केली. गूळशेंगदाणे! मग मूठ उघडली — आत सोन्याचं पान!

"पोरी, तू दिलेलं पान हाताला गार लागलं, जड लागलं. तुझ्यावर बालंट येईल म्हणून घरी गेलो नाही. चारचौघांत बोलू कसं? तुला एकटीला गाठत होतो."

सगुणाचं बोट अजून वरच होतं, मंडळी! खाली घ्यायला जड झालं! सोन्याहून जड!

घरी चमचा सापडत नाही, तर कुणाकडं बघता? मोलकरणीकडं! चष्मा हरवला तर? सुनेकडं! आणि चष्मा कुठं? कपाळावर! बोट उचलायच्या आधी आपली मूठ उघडा, माय-बापहो!

...दात हलला बरं का! झांजांची शपथ आहे, सांगून टाकते. तो नारळाएवढा गोळा — सुपारीएवढा होता. बाकी सगळं खरं!